याओवारातची संध्याकाळ : शाकाहाऱ्याने काय पाहावे, काय विचारावे

बँकॉकच्या चायनाटाऊनमध्ये, म्हणजे याओवारात रस्त्यावर, सोमवारी जाऊ नये, कारण त्या दिवशी खाद्यपदार्थांच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. इतर दिवशी सहाच्या सुमारास वाट मांगकोन या मेट्रो स्थानकावर उतरावे, २० बाहतच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात आणि काहीही न खाता सुमारे दीड किलोमीटरचा तो रस्ता आधी एकदा पालथा घालावा.

मांसाहारी माणसाचे पुढचे काम सोपे आहे. कुआय जाप, म्हणजे मिरपुडीच्या झणझणीत रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्स आणि डुकराचे मांस, किंवा कालवांचे ऑम्लेट, जिथे स्थानिकांची रांग असेल तिथे घ्यावे आणि दोघांत एकच प्लेट मागवावी.

अडचण आहे ती शाकाहाऱ्याची. "नो मीट" म्हटले की झाले, हा सर्रास दिला जाणारा सल्ला साफ चुकीचा आहे. पहिल्या खेपेस मी तसेच सांगून नूडल्स घेतल्या. अर्धी प्लेट संपल्यावर विक्रेत्याने पुढच्या गिऱ्हाइकाच्या कढईत एका बाटलीतून तपकिरी पाणी ओतले आणि बाटलीवरच्या लेबलावर मला मासा दिसला. ते नाम प्ला होते, खारवलेल्या माशांचे पाणी. विक्रेत्याने मला फसवले नव्हते. मीट नको म्हटले, त्याने मीट घातले नाही.

म्हणून "जे" हा एकच थाई शब्द पाठ करावा. "जे" पदार्थात मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनाही तो चालतो. मात्र नुसते विचारून भागत नाही, कारण साध्या गाडीवर कढई आणि झारा तोच असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे शोधावीत. ती इंग्रजी १७ या आकड्यासारखी दिसतात. पताका नसेल, तर विक्रेता कितीही मान डोलावो, तिथे कढईतले काही खाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शाकाहारी या अर्थाच्या 'मांगसविरात' या थाई शब्दावर विसंबू नये, त्यात अंडे चालते.

एरवीच्या संध्याकाळी अशा गाड्या थोड्याच असतात. तेव्हा भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस, नारळाच्या दुधातला आंबा-चिकट भात यांवर भर द्यावा. आल्याच्या गरम पाण्यातले काळ्या तिळाचे मोदकासारखे गोळे अप्रतिम लागतात, पण सारणात कधीकधी डुकराची चरबी असते, तेव्हा तिथेही "जे?" असे विचारावेच.

तारखा आपल्या हातात असतील, तर चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले ९ दिवस निवडावेत. ते अनेकदा आपल्या नवरात्रातच येतात, तो "जे" खाण्याचा उत्सव असतो आणि तेव्हा रस्ताभर पिवळ्या पताका लागतात. गर्दी मात्र फार होते, म्हणून पाचलाच पोहोचावे.