हाडं ठिसूळ झालीत असं कळलं की नेमकं काय करायचं

आईचं मनगट मोडलं तेव्हा ती काही जिन्यावरून वगैरे पडली नव्हती, उभी होती, पाय सटकला, हात टेकला, बास. प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं आणि विषय संपला असंच आम्ही धरून चाललो, प्लास्टर घालणाऱ्यांनीही पुढचं काही सांगितलं नाही. तीन वर्षांनी मणका दबला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याआधी कधी हाड मोडलं होतं का?" म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, पन्नाशीनंतर नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं तर "पडली म्हणून मोडलं" म्हणून सोडून देऊ नका, त्याच वेळी हाडांची तपासणी करून घ्या. कारण एक मोडलं की दुसरं मोडायची शक्यता वाढते, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ती सगळ्यात जास्त असते.

अजून एक घोळ आपण बोलताना करतो. "हाडं झिजलीत" हे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. गुडघा दुखतो, कटकट वाजतो, जिना चढवत नाही, ती सांध्यातल्या कूर्चेची झीज. ऑस्टिओपोरोसिस वेगळा, त्यात हाड आतून विरळ होत जातं, जाळीची भोकं मोठी व्हावीत तसं, आणि मोडेपर्यंत ते अजिबात दुखत नाही. म्हणजे "मला कुठे काही दुखत नाही, माझी हाडं मजबूत आहेत" याला काही अर्थ नाही. मणका तर कधीकधी गपचूप दबतो, कळतही नाही, फक्त पोक येतं आणि उंची कमी होते. वर्षातून एकदा भिंतीला टेकून उंची मोजा, तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली तर पाठीचा एक्स-रे काढायला सांगा, "वय झालं की होतंच" म्हणून सोडू नका.

हे होतं का, तर हाड म्हणजे काही दगड नाही, आतल्या काही पेशी जुनं हाड पोखरतात आणि दुसऱ्या पेशी तिथे नवीन भरतात, साधारण दहा वर्षांत सगळा सांगाडा नवा होतो. तिशीपर्यंत भर जास्त असते, नंतर हळूहळू पोखरणं वरचढ होतं. बायकांची पाळी बंद झाली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची वीस टक्क्यांपर्यंत घनता जाऊ शकते. पुरुषांनी निवांत बसू नये, पन्नाशीनंतर तीनातल्या एका बाईचं हाड यामुळे मोडतं तसं पाचातल्या एका पुरुषाचंही मोडतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांच्या वर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर वयाची वाटच बघू नका, लगेच विचारा.

तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन, हाडांची घनता मोजणारा, कंबरेचा आणि खुब्याचा. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, दुखत नाही, रेडिएशन अगदी थोडं. टाचेवर मशीन लावून मोजतात त्यावर आजार ठरवायचा नसतो, आणि साध्या एक्स-रेमध्ये "ठीक आहे" आलं तरी खूश होऊ नका, बरीच घनता गेल्याशिवाय तिथे दिसतच नाही. रिपोर्टमध्ये टी-स्कोर बघायचा, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा. उणे १ किंवा त्याच्या वर म्हणजे नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता कमी पण अजून आजार नाही, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली. पण आकडा म्हणजे सगळं नाही. फ्रॅक्स म्हणून एक हिशेब आहे, वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, सिगारेट, दारू, स्टिरॉइड हे सगळं घालून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायची शक्यता किती ते निघतं. डॉक्टरांना तो काढायला सांगा. सोबत रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, किडनी, कारण कधीकधी मूळ दुखणं तिकडेच असतं.

आता कॅल्शियम, ज्यावर सगळ्यांचा फार विश्वास. आई पण "मी गोळी घेते ना" म्हणायची. अहो, कॅल्शियम म्हणजे विटा, गवंडी नाही. एकदा ऑस्टिओपोरोसिस झाला की नुसत्या गोळीनं भागत नाही. दिवसाला १००० मिलिग्रॅम, पन्नाशीनंतरच्या बायकांना १२००, आणि हे जेवणातलं धरून. एक मोठा कप दूध म्हणजे जवळपास ३०० झाले, त्यामुळे आधी ताटातलं मोजा आणि कमी पडेल तेवढंच गोळीनं भरा. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलेलं असतं त्यात खरं कॅल्शियम ५०० च असतं, हे मला फार उशिरा कळलं. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची, सायट्रेट या दुसऱ्या प्रकारची कधीही चालते, एका वेळी ५०० च्या वर शरीर नीट घेत नाही, आणि थायरॉइडची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. प्रोटीन पण नीट खा, ते सगळे विसरतात.

व्हिटॅमिन डी रोज ६०० ते ८०० युनिट बहुतेकांना पुरतं, कमतरता असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात, पण तो ठरलेल्या दिवसांपुरताच असतो. जास्त घेतलं की जास्त फायदा हे तर साफ चूक. २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले होते, त्या उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

व्यायामाचं म्हणाल तर हाडाला वजन पेलायला लागलं तरच ते टिकतं. अंतराळवीरांचं बघा, तिकडे वजनच नाही म्हणून महिन्याला एक-दीड टक्का हाड जातं. पोहणं आणि सायकल हृदयाला चांगलं, पण हाडासाठी चालणं, जिना, वजन उचलणं आणि एका पायावर उभं राहून तोल सांभाळणं हे जास्त कामाचं. मणका आधी दबलेला असेल तर कंबरेतून पुढे वाकायचे, पीळ द्यायचे प्रकार बंद, खाली पडलेलं उचलताना गुडघ्यात वाका, आणि वजनं फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच सुरू करा.

आणि पडू नका. ऐकायला फालतू वाटतं पण खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळेच. बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री वाटेत दिवा, सुटे गालिचे उचलून टाका, चष्म्याचा नंबर तपासा, झोपेच्या किंवा बीपीच्या गोळीनं उठल्यावर गरगरतं का ते डॉक्टरांना सांगा. आमच्याकडे दांडा बसवायला आईचा विरोध होता, "मी काय म्हातारी झाले का", मग मी माझ्यासाठी बसवते म्हटलं, चाललं.

औषधात बहुतेकांची सुरुवात अॅलेन्ड्रोनेटपासून होते, हाड पोखरणं कमी करणारी गोळी, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. ही घ्यायची पद्धत चुकली तर उपयोग शून्य. सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहासोबत नाही, आणि पुढे अर्धा तास खायचं नाही, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी जळते. आईला तरीही त्रास झाला म्हणून वर्षातून एकदा लावायचं झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन सुरू केलं, पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी, ते होतं, घाबरू नका. जबड्याच्या हाडाला इजा होते म्हणून लोक घाबरवतात, होते पण फार क्वचित, सुरू करायच्या आधी दातांची कामं उरकून घ्या. चालू असताना मांडी किंवा जांघ विनाकारण दुखायला लागली तर मात्र सांगा. तीन ते पाच वर्षांनी थांबवायचं का ते डॉक्टर ठरवतात.

डेनोसुमॅब हे पोखरणं थांबवणारं दुसरं औषध, त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं, त्याची तारीख चुकवायची नाही म्हणजे नाही, ते मनानं बंद केलं तर हाड झपाट्यानं उतरतं आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. फारच ठिसूळ असेल तर आधी हाड बांधणारं टेरिपॅराटाइड देतात, रोजचं इंजेक्शन, ते संपलं की दुसरं औषध लगेच सुरू करायचं, नाहीतर कमावलेलं जातं.

एक-दोन वर्षांनी डेक्सा परत करायचा, शक्यतो त्याच मशीनवर, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत. आकडा वाढलाच पाहिजे असं नाही, आहे तिथे थांबला तरी औषध चालतंय. आईचा दोन वर्षं जवळपास तिथल्या तिथेच आहे, "एवढं करून काय मिळालं" म्हणून ती वैतागली, मी मात्र रिपोर्ट बघून घरी येईपर्यंत खुशीत होते.