लांब लेन्स घेताय? या चुका टाळा

सगळ्यात वैताग आणणारी चूक आधी. फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर आला की लगेच लेन्सवर खापर फोडायचं. ओळखीतल्या एका मुलाने नवी कोरी १५०-६०० एमएमची झूम लेन्स विकायला काढली होती, म्हणे "दादा, पीसच खराब आलाय." म्हटलं आधी फोटो दाखव. सकाळचे सगळे टकाटक, बगळ्याचं पीस न पीस सुटं दिसतंय, आणि भर दुपारचे, तळ्याच्या पार पलीकडचे, तेवढे गिचमिड. मग दुपारीच ट्रायपॉड लावला, ६०० वर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसणारं चालू दृश्य) मोठा करून त्याला स्क्रीन बघायला लावली. वारा अजिबात नाही तरी पलीकडचं गवत नुसतं थरथरत होतं. जमीन तापली की वरची हवा हलत राहते, त्यातून येणारा प्रकाश वाकतो, आणि मधे जितकं अंतर जास्त तितका फोटो बिघडतो, तिथे कितीही भारी लेन्स लावा काही फरक पडत नाही. मी लांबचं सगळं ऊन चढायच्या आत उरकतो, दुपारी फक्त जवळचं. गाडीतून काढायचं असेल तर एसी आणि इंजिन बंद, काच पूर्ण खाली, आणि आतली हवा बाहेरच्यासारखी होईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच नव्या लोकांना नको असतं.

दुसरं म्हणजे टेलिकन्व्हर्टर, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी, लांबचं आणखी मोठं करणारी जोडलेन्स. ६०० ला एफ ६.३ (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) असलेल्या झूमवर १.४ एक्स लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश गेला, एफ ९ च्या आसपास आलात, २ एक्सने तर एफ १३. बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ ८ च्या पुढे धड चालत नाही, संध्याकाळी तर लेन्स नुसती पुढेमागे फोकस शोधत बसते. लांबून शॉर्टकट मारण्यापेक्षा दबकत, थांबत थांबत जवळ जायला शिका, पण प्राणी अस्वस्थ झाला की तिथेच थांबा.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, प्राण्याची हालचाल नाही. उडत्या पक्ष्याला मी शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या खाली नेत नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

महागड्या लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर नको, लेन्सच्या तोंडावर बसणारं हूड लावा.

दोन किलोची लेन्स घेण्याआधी अर्धा तास हातात धरून बघा.

मेमरी कार्ड स्लो असेल तर बर्स्ट, म्हणजे एकामागून एक धडाधड फोटो काढणं, ऐन वेळी अडकतो, कॅमेरा बॉडीला साजेसंच घ्या.