नेमलेलं पुस्तक हातातून सुटत होतं, तेव्हा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' नेमला होता. पुस्तक १८८३ सालचं, मराठी जड. पुसेगाव-सातारा एसटीत रोज उघडायचे, चार ओळी वाचून मिटायचे. शेवटी निबंध गाईडवरून उतरवून दिला. सरांनी समासात एवढंच लिहिलं, "यात तू कुठे आहेस?" फार लागलं ते.

मग पद्धत बदलली. दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते घरच्या बोलीत तीन-चार वाक्यांत वहीत लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही. अडलेल्या शब्दाला पेन्सिलीची खूण करून पुढे जायचं, कारण तिथेच थांबलं की वाचन मोडतं.

काही दिवसांनी तो भाग आला. फाजील शिपाई आणि पोलीस लावून ताली-बंधारे बांधावेत, पावसाचं पाणी शेतात मुरावं, असं फुले सुचवतात. आमचा खटाव तालुका दुष्काळी. टँकर यायच्या आधी पहाटेच रांगेत ठेवलेली, कड तुटलेली आमची निळी बादली डोळ्यांसमोर आली. संध्याकाळी आजोबांना उतारा वाचून दाखवला. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या जवळच. आजोबा म्हणाले, "पोरी, आपल्याकडचंच मूळ त्यांचं. पाण्याचं दुखणं कळणारच."

निबंध परत लिहिला. पहिलं वाक्य त्या बादलीवरच. सहा पानं एका बैठकीत झाली. प्रस्तावना मुद्दाम शेवटी लिहिली; ती आधी लिहायला बसले की माझा हात अडतो.