परदेशी मूल घरात ठेवायचंय? मग आधी पाहुणचार बंद करा

रोटरी क्लबांचा यूथ एक्स्चेंज म्हणून एक कार्यक्रम आहे: परदेशी मूल वर्षभरासाठी येतं, इथल्या कुटुंबांत आळीपाळीनं राहतं आणि इथंच कॉलेजात जातं. त्यातून आमच्या कोल्हापूरच्या घरात आजवर सात मुलं राहून गेली. जर्मनी, फिनलंड, फ्रान्स, ब्राझील, मेक्सिको आणि तैवानची दोन. प्रत्येक वेळी सल्ला द्यायला कुणीतरी दारात हजर असतंच. तिखट कमी कर, बाटलीबंद पाण्याचे बॉक्स भरून ठेव, दर रविवारी कुठंतरी फिरवून आण, आणि शेवटी ठरलेलं 'अतिथी देवो भव'. यातलं शेवटचं सगळ्यांत घातक. देव दहा दिवसांनी पोचवता येतो. हे मूल आपल्याकडे तीन-चार महिने राहणार असतं, आणि सोळा-सतरा वर्षांचं असतं.

कागदपत्रं

घरातल्या मोठ्या माणसांची पडताळणी, घर बघून जाणं, मुलाचा विमा हे सगळं क्लब बघतो. तुम्ही दोनच गोष्टी विचारून घ्या. परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत झाली का? आणि व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत करायची नोंदणी झाली का? मोठी शहरं सोडली तर हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असतं. "होऊन जाईल हो" या उत्तरावर गप्प बसू नका. यजमान कुटुंबाला या सगळ्याचे पैसे मिळत नाहीत, हेही सांगून टाकते, कारण शेजारपाजारचे पहिलं तेच विचारतात.

खोली

स्वतंत्र पलंग हवाच. खोली आपल्या मुलामुलीबरोबर वाटून घेतली तरी चालते, मुलीबरोबर मुलगी आणि मुलाबरोबर मुलगा. दाराला आतून कडी आहे का आणि ती लागते का, ते बघा. मुलं बहुतेक ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे जीन्स वाळायला तीन दिवस लागतात. एक जास्तीची दांडी बांधा.

पोट

पाणी उकळलेलं किंवा फिल्टरचं, आणि दात घासायलाही तेच. हे सांगावं लागतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी जन्मभर नळाचंच पाणी प्यायलेलं असतं. पहिल्या पंधरा दिवसांत पोट एकदा बिघडतंच. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. नसलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

तिखटाची फार काळजी करू नका. मेक्सिकोच्या पोरानं तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या रिचवल्या आणि आमच्या ह्यांना घाम फुटला. काळजी करायची ती शेंगदाण्याची. ॲलर्जी आहे का, हे मूल विमानात बसायच्या आधी लेखी विचारा. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठंकुठं असतं, ते आपल्यालाच आठवत नाही. तैवानच्या पहिल्या मुलीसाठी मी यादी करायला बसले, तर कोशिंबीर, खिचडी, भरली वांगी, पालेभाजी, चटणी, चिवडा असं करत पान भरलं. तेल शेंगदाण्याचं असेल तर तेही सांगायचं. ती यादी अजून फ्रीजला चिकटवलेली आहे.

खरी अडचण: नको म्हणजे नको

इथंच मी दोनदा तोंडावर आपटले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची पहिली मुलगी जर्मनीची. आल्यापासून सगळं खायची, प्रत्येक घासाला 'व्हेरी नाइस'. मी खूश. पोळी संपली की दुसरी, नको म्हणाली की "अगं, थोडीशी", परत नको म्हणाली की अर्धी तरी. आपल्याकडे पहिला नको धरायचाच नसतो. तिसऱ्या आठवड्यात तिच्या खोलीत मुंग्यांची रांग दिसली. खिडकीतून निघून पलंगाखालून थेट कपाटाच्या खालच्या खणात. खण उघडला तर टिश्यू पेपरमध्ये नीट चौकोनी घड्या घालून ठेवलेल्या पुरणपोळ्या. आठ होत्या, मी मोजल्या. कडेला वाळून पापडासारख्या झालेल्या. खाल्ल्या जात नव्हत्या, नको म्हणून चालत नव्हतं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या तर मला दिसल्या असत्या. पोरीनं तिच्या परीनं आमचा मानच ठेवला होता. तिनं घरी आईला सांगितलं होतं, की इथं नको म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं. खोटं काय होतं त्यात?

दुसऱ्यांदा फिनलंडची. ही कॉलेजमधून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. आमच्याकडे दार लावतात ते कपडे बदलायला किंवा रुसल्यावर. मी धरून चालले, की हिचं काहीतरी बिनसलंय. मग अर्ध्या तासानं चहा घेऊन ठकठक, मग चिरलेला पेरू घेऊन ठकठक, मग चुलत जाऊबाई भेटायला आल्या म्हणून ठकठक. महिन्याभरानं तिनं क्लबच्या काउन्सेलरला सांगितलं, "या घरात मला कधी एकटं राहता येत नाही, आणि कुणी मला काही विचारतही नाही." मला राग आला. दिवसातून दहा वेळा विचारत होते की! मग लक्षात आलं, की विचारत होते ते सगळं खाण्याबद्दल.

यावर उपाय आहे. रोटरीकडे 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' म्हणून एक यादी मिळते. तुम्हाला काय हाक मारू, कपडे कुठे धुवायचे, अंघोळीची वेळ कोणती, असे प्रश्न. यादी चांगली आहे, नाव तेवढं चुकीचं. मुंबईत उतरून आठ-नऊ तास गाडीत बसून आलेलं मूल पहिल्या रात्री कशालाही हो म्हणतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बसा. जेवणानंतर, टीव्ही बंद, घरातली सगळी माणसं टेबलाशी, आजी-आजोबांसकट. यादीत मी माझे काही प्रश्न घातलेत.

तू नको म्हणालास तर आम्ही परत विचारायचं का? आमच्या घरात आता उत्तर ठरलेलं आहे: एकदाच विचारायचं. वाढून घ्यायचं ते ज्याचं त्यानं. शिवाय मुलाला 'बास' हा शब्द आणि ताटावर आडवा हात धरायची खूण शिकवते, कारण आपल्या नातेवाइकांकडे इंग्रजीतलं 'नो, थँक यू' चालत नाही. ताटावरचा हात काही प्रमाणात चालतो.

दार बंद असलं तर आम्ही काय समजायचं? बहुतेकांचं उत्तर एकच: काही नाही. कॉलेजात दिवसभर परक्या भाषेत डोकं शिणतं, तास-दोन तास कुणी नको असतं, बस्स. मग आमच्याकडूनही एक अट: जेवायला हाक मारली की बाहेर यायचं. जेवलं नाहीस तरी चालेल, पण बसायचं.

मुलगी असेल तर पाळीचं आधीच बोला. पॅड कशात गुंडाळायचं, कुठे टाकायचं, कपडे कुठे वाळत घालायचे. आणि घरात देवघराचं कुणी पाळत असेल, तर ते मूल यायच्या आधी निस्तरा. त्या मुलीला त्यात ओढू नका. मी सासूबाईंशी घाबरत घाबरतच विषय काढला. त्या म्हणाल्या, "तिला तू विचारायचं नाही आणि मला तू सांगायचं नाही." संपला प्रश्न.

आता एक सवय मोडावी लागेल, ती म्हणजे हो-नाहीचे प्रश्न. "बरं आहे ना?", "आवडलं ना?", "काही हवं का?" या तिन्हींना उत्तर 'हो, छान, काही नको' असंच येणार. त्याऐवजी दोनातलं एक निवडायला लावा. आज आमच्याबरोबर लग्नाला येतोस की घरी थांबतोस? खिचडी करू की अंडी? निवडायला लागलं की मूल खरं बोलतं. आणि मनातलं काही काढून घ्यायचं असेल तर समोर बसवू नका. मटार सोलायला बसवा किंवा गाडीवर मागे बसवून रंकाळ्याला चक्कर मारा. तोंड समोरासमोर नसलं की ही पोरं बोलतात. आपलीही तशीच बोलतात.

हीच यादी घेऊन सहाव्या आठवड्यात परत बसा. हे कुणी करत नाही आणि सगळं इथंच बिनसतं. पहिला महिना नवलाईत जातो, त्यात गणपती असले तर विचारूच नका. नंतर ढोल थांबतात, कॉलेजमधल्या मित्रांचे विनोद मराठीत होतात, आणि मुलाला कळतं की अजून आठ-नऊ महिने आहेत. तेव्हा दुसऱ्यांदा विचारलं की तिसऱ्या दिवशीच्या 'सगळं छान'ची खरी उत्तरं येतात. ब्राझीलच्या मुलानं सहाव्या आठवड्यात सांगितलं, की पहिल्या दिवसापासून त्याला पंखा मोठा हवा होता. पंखा! नुसतं बटण फिरवायचं होतं.

काम द्या

दुसऱ्या आठवड्यापासून, रोजचं, एकच. दूध आणणं, पाणी भरणं, रविवारी ह्यांच्याबरोबर मटण आणायला जाणं. आत्याबाई म्हणाल्या, "पाहुण्याला कसलं काम सांगतेस?" मेक्सिकोच्या पोराला दूधवाला नावानं हाक मारायला लागला त्या दिवशी त्यानं घरी फोन करून ते सांगितलं. पन्हाळ्याचे फोटोही दाखवले नव्हते त्यानं.

आपली मुलं

जेवढं लक्ष पाहुण्याकडे तेवढंच आपल्याकडे, असं तोंडानं म्हणून भागत नाही. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या ताटात भेंडी आणि फ्रान्सच्या मुलाला पास्ता, हे तिनं चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी ताट ढकलून उठली आणि बरोबर होतं तिचं. सगळ्यांना एकच जेवण, एकच परतायची वेळ, उशीर झाला तर एकच बोलणी. एक्स्चेंजच्या मुलाला रागवायला लोक कचरतात. रागवा. पाहुण्याला कुणी रागवत नाही हे त्यालाही माहीत असतं, त्यामुळे रागावलात की तो बुजण्याऐवजी सैलच होतो.

चार डी

ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, ड्रग्ज, डेटिंग. हे नियम आपले नाहीत, कार्यक्रमाचे आहेत, आणि मोडले तर मुलाला परत पाठवतात. आपल्याकडे खरी लढाई ड्रायव्हिंगची. वर्गातली सगळी पोरं लायसन नसताना गाड्या उडवत असतात, 'गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर' म्हणून किल्ली मागितली जाते. नाही म्हणजे नाही. किल्ली खिळ्यावर टांगायची सवय असेल तर खिळा काढा. फ्रान्सच्या मुलाच्या वेळी आमच्या ह्यांनीच किल्ली दिली होती, म्हणून हे इतकं ठासून सांगतेय.

फोन आणि डिसेंबर

ब्राझील आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं, मेक्सिको सिटी साडेअकरा. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली की आपल्याकडे झोपायची वेळ उलटून गेलेली असते आणि मूल जागत बसतं. आठवड्यातून एक लांब फोन ठरवून द्या, बाकी मेसेज. दिवाळीत मुलं मजेत असतात. जपायचं ते ख्रिसमसला. त्या दिवशी केक आणून 'हॅपी ख्रिसमस' म्हणून गोतावळा जमवू नका. स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात द्या आणि त्याच्या घरी त्या रात्री जे करतात ते करू दे. फिनलंडच्या मुलीनं पोह्यांच्या पातेल्यात तांदळाची खीर केली होती, दालचिनी घालून. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली.

पुढच्या घरी पाठवताना

वर्षात साधारण तीन घरं होतात. पहिले पंधरा दिवस तुम्ही फोन करू नका, नाहीतर ते मूल नव्या घरात रुजत नाही. नव्या आईला यादी द्या: ॲलर्जी, पंखा, दार. वर्ष संपून मायदेशी निघालं की बॅग आधी वजनकाट्यावर ठेवा, २३ किलोची मर्यादा असेल तर ती पहिल्या तासात ओलांडलेली असते. लोणच्याची बरणी कितीही मागितली तरी नको. कोल्हापुरी चपला जाणारच, त्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून तळाशी ठेवा. नव्या चामड्याचा वास कपड्यांना लागतो आणि तिकडची आई सगळं परत धुवायला टाकते. जर्मनीहून मला तसं कळवण्यात आलं आहे.