फॅन हीटर बनवताय? आधी पंखा अडवून बघा, आणि या चुका टाळा

पोर्टेबल फॅन हीटरमध्ये असतं तरी काय? नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या) तारेची कॉइल, छोटी मोटर, एक पातं, दोन-तीन स्विच आणि वर प्लास्टिकची खोकी. म्हणूनच ज्याला त्याला वाटतं, दोन सुट्ट्यांत जमून जाईल. जमतंही. कॉइल तापते, पंखा फिरतो, समोरून गरम झोत येतो. पण हे सगळं हवा वाहतेय तोवरच. मागच्या जाळीवर कपडा पडला, पात्यात दोरा अडकला, हीटर कलंडला, की खरी परीक्षा सुरू होते. खाली दिलेल्या बहुतेक चुका एकाच ठिकाणाहून येतात: लोक हीटर वॅटवर डिझाइन करतात, हवेवर नाही.

वॅटचा हिशेब झाला, हवेचा कोण करणार?

२३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर. एवढं सगळे काढतात. ही उष्णता उचलून न्यायला हवा किती लागेल, हे मात्र कोणी काढत नाही. हिशेब अगदी सोपा आहे: वॅटला ३ ने गुणा आणि हवेचं तापमान जितक्या अंशांनी वाढलेलं चालेल त्याने भागा. उत्तर ताशी घनमीटरमध्ये येतं. २००० वॅट आणि ६० अंशांची वाढ धरली तर ताशी १०० घनमीटर. खोलीत २० अंश असतील तर तोंडाशी सरासरी ८० अंश. हवा निम्मी झाली की तोंडाशी १४०, आणि तिथे एबीएस प्लास्टिकची जाळी केव्हाच मऊ पडलेली असते.

आता पंख्याच्या डब्यावर छापलेला आकडा बघा. तो मोकळ्या हवेतला असतो, पुढे-मागे काहीही अडथळा नसतानाचा. तुमच्या खोकीत मागे जाळी, मध्ये कॉइल, पुढे आणखी एक जाळी. अक्षीय (साध्या पात्याच्या) पंख्याला एवढा विरोध झेपत नाही आणि छापील आकड्याच्या निम्मी हवा मिळाली तरी नशीब समजायचं. म्हणून छापील आकड्यावर विश्वास ठेवू नका. पूर्ण जोडणी झाल्यावर तोंडाशी पाच-सहा ठिकाणी तापमान मोजा, सरासरी काढा आणि वरचंच सूत्र उलटं वापरून खरी हवा काढा. कमी भरली तर मोठी मोटर शोधण्याआधी मागची जाळी मोकळी करा. पंख्याचा दम बहुतेक वेळा तिथेच कोंडलेला असतो.

सरासरी बरोबर आली म्हणून काम संपलं असंही नाही. पात्याच्या मधल्या बोंडामागे हवा जवळपास नसतेच. कॉइल पंख्याला चिकटवून बसवली तर नेमका मधला भाग लाल होतो आणि कडा काळ्या राहतात. खोलीत अंधार करा, हीटर पूर्ण शक्तीवर चालवा आणि जाळीतून आत बघा. जिथे लाली दिसेल तिथे हवा पोचत नाहीये. पंखा आणि कॉइल यांत २५-३० मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर मधल्या भागात वेटोळी घालूच नका. कॉइलची चौकट आणि खोकीची भिंत यांतली फटही बंद करा. हवा आळशी असते, वाट मिळाली की कॉइलला वळसा घालून निघून जाते.

बारीक तारेचा मोह

१००० वॅटसाठी २३० व्होल्टवर ५३ ओम लागतात. ०.५ मिमीची ८०/२० (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम) नायक्रोम तार घेतली तर साधारण साडेनऊ मीटर. एवढी लांबी चौकटीत बसवायची म्हणजे कटकट, म्हणून घाईतले लोक ०.४ ची तार घेतात. मग सहा मीटरच्या वर थोडीशी पुरते. ओम तेच, वॅट तेच, सगळे खूश.

पण तारेचा पृष्ठभाग निम्म्यावर आला त्याचं काय? ०.५ च्या तारेवर दर चौरस सेंटिमीटरला ६.७ वॅटचा भार होता, ०.४ वर तो १३ होतो. हवा तेवढीच, म्हणून तार जास्त तापते, ऑक्सिडेशन वेगाने होतं, वेटोळी लोंबतात आणि एक दिवस शेजारच्या वेटोळ्याला टेकतात. फॅन हीटरची तार काळी दिसावी, फार तर मंद लालसर. लखलखीत नारिंगी कॉइल छान दिसते, पण ती बिघाडाची खूण आहे. आणखी एक गोष्ट: नायक्रोम तापल्यावर तिचा रोध चार-पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणून थंड मोजमापात तेवढे ओम कमीच ठेवा.

कटआउट कुठेतरी लावून मोकळं होणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारी. कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच, लावायचा असतो हे सर्वांना ठाऊक असतं. तो कुठे लावायचा, याचा निर्णय मात्र वायरची लांबी करते.

एका २००० वॅटच्या नमुन्याचं उदाहरण घ्या. कटआउट कॉइलच्या चौकटीच्या खालच्या बाजूला बसवला होता, कारण टर्मिनल तिथे होते आणि वायर नीट लपत होती. तोंडावर कपडा टाकून चाचणी झाली, कटआउटने वेळेवर तोडलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग पातं अडवून चाचणी झाली. पंखा थांबल्यावर गरम हवा पुढे जात नाही, ती वर जाते आणि तिच्या जागी खालच्या फटींतून थंड हवा आत येते. कटआउट त्या थंड हवेत निवांत बसून राहिला. वरची वेटोळी लालभडक झाली, वरच्या अभ्रकाच्या पट्ट्या तापल्या, वरची पॉलिप्रॉपिलीनची जाळी वाकली आणि कॉइलवर उतरली. धूर निघाल्यावर हातानेच प्लग काढावा लागला, कटआउट तोवरही जोडलेलाच होता. भाग उत्तम होता, रेटिंग बरोबर होतं, फक्त पत्ता चुकला होता.

कटआउटची जागा चौकटीच्या वरच्या भागात, कॉइलपासून १०-१५ मिलिमीटरवर, जिथून त्याला तारेची धग थेट दिसेल. धातूच्या चकतीचं तोंड कॉइलकडे, पाठ नाही. आणि ज्या हीटरमध्ये १००० आणि २००० साठी दोन वेगळ्या कॉइल आहेत, तिथे दुसरा सापळा असतो. कटआउट दोन नंबरच्या कॉइलजवळ आणि अर्ध्या शक्तीवर चालते ती एक नंबरची. पूर्ण शक्तीवर सगळं सुरळीत तुटतं, अर्ध्या शक्तीवर कटआउटला पत्ताच नसतो. दोन्ही कॉइल एकमेकींत गुंफून वळल्या तर हा प्रश्न मुळातच येत नाही.

चाचण्या किमान पाच: पातं अडवून, मागची जाळी झाकून, पुढची झाकून, हीटर उताणा आणि हीटर पालथा. प्रत्येक चाचणी दोन्ही शक्तींवर. आणि व्होल्टेज २३० नाही, २५३ लावा. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे दहा टक्के जास्त व्होल्टेजवर तुमचा २००० चा हीटर २४२० वॅटचा होतो. पंखा मात्र त्या मानाने वेग वाढवत नाही. या चाचण्या जळणार नाही अशा पृष्ठभागावर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीमागे (गळणारा प्रवाह दिसताच वीज तोडणाऱ्या स्विचमागे) आणि मुख्य स्विच हाताशी ठेवूनच करायच्या. ‘एवढं कशाला?’ असं विचारणाऱ्याने हीटर बनवू नये, टेबल फॅन बनवावा.

आपोआप परत जोडणारा बायमेटल (दोन धातूंच्या पट्टीचा) कटआउट एकटा पुरत नाही. हीटरवर पांघरूण पडलं तर तो तोडतो, थंड झाला की जोडतो, परत तोडतो, आणि रात्रभर हेच चालतं. प्रत्येक फेरीत संपर्क थोडे जळतात, आणि बायमेटलचे संपर्क बिघडले तर बहुधा चिकटूनच बिघडतात. म्हणून त्याच्या मालिकेत एकदाच उडणारा थर्मल फ्यूज हवाच. त्याहून बरा उपाय म्हणजे प्लग काढेपर्यंत तुटलेलाच राहणारा कटआउट. त्यात संपर्काला समांतर छोटं पीटीसी, म्हणजे तापल्यावर रोध वाढणारा घटक, असतं. संपर्क उघडला की ते पीटीसी बायमेटलला गरम ठेवतं, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय तो परत जोडत नाही. अशा कटआउटसोबतही थर्मल फ्यूज ठेवाच.

थर्मल फ्यूज निवडताना नुसतं उडण्याचं तापमान बघू नका. होल्डिंग तापमान, म्हणजे जे सतत सोसूनही फ्यूज उडत नाही ते, त्याहून बरंच कमी असतं आणि रोजच्या वापरात फ्यूजची जागा त्याच्या खालीच राहायला हवी. नाहीतर चांगला हीटर वर्षभरात विनाकारण मरतो. फ्यूजच्या पायांना सोल्डर करणं हा दुसरा आवडता शॉर्टकट. सोल्डरिंगच्या उष्णतेने फ्यूज तिथल्या तिथे उडतो किंवा आतून अर्धवट बिघडतो. क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी दाबून जोड पक्का करा.

आणि कटआउट मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडून ‘सॉफ्टवेअर बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: रिलेचे संपर्क चिकटले की सॉफ्टवेअर फक्त बघत बसतं. कटआउट कॉइलच्या मालिकेतच हवा. त्याला कोणाची परवानगी लागता कामा नये.

जोड: जिथे हीटर खरोखर जळतात

जळालेला हीटर उघडून बघा. कॉइल बहुतेकदा ठणठणीत असते आणि काळा पडलेला असतो तो एखादा लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड-तुकडा. ८.७ अँपिअरवर जोडाचा रोध फक्त ०.१ ओम झाला तरी त्या एका बिंदूत साडेसात वॅट उष्णता तयार होते. त्याने लग तापतो, स्प्रिंगचा ताण जातो, पकड ढिली पडते, रोध आणखी वाढतो. हे चक्र सुरू झालं की थांबत नाही, आणि ८.७ अँपिअरच वाहत असल्यामुळे बाहेरच्या फ्यूजला काही कळतही नाही.

नायक्रोमला साध्या फ्लक्सने सोल्डर धरत नाही. ओढूनताणून धरवलं तरी २०० अंशांच्या आसपास ते वितळणारच. कॉइलच्या टोकाला निकेल-प्लेटेड स्टीलचा किंवा स्टेनलेसचा लग लावा, क्रिंप करा, जमलं तर स्पॉट वेल्डही. शेवटचं टोक दुहेरी करून पिळलं तर रोध कमी होतो आणि जोड थंड राहतो. पितळी टिन-प्लेटेड लग स्विचच्या बाजूला ठीक, कॉइलच्या बाजूला नाही. आतली वायर सिलिकॉनची किंवा ग्लास-फायबर स्लीव्हची. साधी पीव्हीसी वायर ‘लांबून नेली आहे’ म्हणून चालत नाही, कारण ती हळूहळू सरकून कॉइलजवळ येतेच. तिला क्लिपने बांधा.

स्क्रू टर्मिनलमध्ये घालायच्या आधी वायरच्या तारा सोल्डरने घट्ट करणं हीसुद्धा वाईट सवय. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात स्क्रू ढिला होतो. फेरूल (तारांच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) वापरा. क्रिंपिंगला पक्कड चालत नाही, रॅचेटचं क्रिंपर घ्या. प्रत्येक लग ओढून बघायचा, अपवाद नाही.

पीटीसी आहे म्हणून निर्धास्त

बेरियम टायटनेटच्या पीटीसी एलिमेंटची ख्याती खरी आहे. हवा कमी झाली की त्याचा रोध वाढतो आणि शक्ती आपोआप उतरते. पण उतरल्यावरही पृष्ठभाग २०० अंशांच्या वर असू शकतो, आणि स्वस्त प्लास्टिकला तेवढं खूप झालं. कटआउट इथेही लागतोच. थंड असताना चालू केल्यावर प्रवाह आधी वर उसळतो आणि मग खाली येतो. स्विच त्या हिशेबाने निवडा. सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र वेगळीच आहे: बऱ्याच पीटीसी ब्लॉकच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्या थेट मेन्सला जोडलेल्या असतात. रेडिएटरसारख्या दिसतात म्हणून लोक त्यांना धातूच्या चौकटीत दाबून बसवतात. इन्सुलेटेड प्रकार घेतला नसेल तर जाळीतून बोट किंवा विणकामाची सुई आतपर्यंत पोचता कामा नये, पुढूनही आणि मागूनही.

उरलेल्या, पण माफ नसलेल्या

मोटर कॉइलच्या पुढे, गरम हवेत बसवू नका. बेअरिंगमधलं तेल सुकतं, वेग उतरतो आणि बाकीचं वर सांगितलंच आहे.

पंख्याला वेगळा स्विच देऊ नका. रोटरी स्विचचा क्रम बंद, पंखा, १०००, २००० असाच ठेवा. पंखा बंद आणि कॉइल चालू, अशी स्थिती स्विचमध्ये असूच नये. बंद करताना हात आपोआप ‘पंखा’ या जागेवरून जातो. तिथे अर्धा मिनिट थांबलं की साठलेली उष्णता निघून जाते आणि फ्यूजचं आयुष्य वाढतं.

खोलीचा थर्मोस्टॅट आत येणाऱ्या हवेत बसवा. कॉइलच्या भिंतीला टेकवला तर तो खोली नाही, स्वतःची खोकी मोजतो आणि दर दोन मिनिटांनी टकटक करत बसतो.

कलंडल्यावर तोडणारा स्विच पूर्ण ८.७ अँपिअरसाठी हवा. तळातला दट्ट्या जाड गालिच्यावर फसतो आणि त्यात धूळ भरते, तेव्हा तोही चाचणीत घ्या. आणि तो कटआउटचा पर्याय नाही.

ट्रायॅकने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) शक्ती कमी-जास्त करायची असेल तर विजेची पूर्ण चक्रं गाळा, फेज कापू नका, म्हणजे प्रत्येक चक्राचा तुकडा पाडू नका. ट्रायॅकवर साधारण एक व्होल्ट पडतो, म्हणजे नऊ वॅट. त्याला हीटसिंक द्या आणि तो आत येणाऱ्या हवेत ठेवा. मोटर त्याच ट्रायॅकवर टाकू नका.

दोन मीटरपर्यंतच्या केबलला ०.७५ चौरस मिमी चालते, त्याहून लांब असेल तर १ चौरस मिमी. केबलची पकड गाठ मारून करायची नसते. धातूची खोकी असेल तर अर्थची वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल.

मागच्या जाळीवर धूळ अडवायला बारीक फिल्टर लावायचा असेल तर तो खोकी न उघडता काढून धुता येतो का, हे आधी बघा. येत नसेल तर कोणी धुणार नाही आणि तो जाळीवर पडलेल्या कपड्याचंच काम करेल.

पहिल्यांदा चालवताना थोडा वास येतो, तो तारेवरच्या तेलाचा. दहा-पंधरा मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून चालवा. त्यानंतरही वास राहिला तर तो तेलाचा नाही. प्लग काढा, खोकी उघडा आणि आधी लग बघा.