ॲन्युअल कॅलेंडर घड्याळ वापरताय? या चुका टाळा

२८ फेब्रुवारी, रात्रीचे साडेअकरा. बेळगावच्या टिळकवाडीत लग्नाचं जेवण उरकून आलेल्या माझ्या मावसभावाने आपलं ॲन्युअल कॅलेंडर घड्याळ हातात घेतलं, म्हणजे तारीख-महिना आपोआप बदलणारं, वर्षातून एकदाच हाताने जुळवावं लागणारं. "उद्या एक तारीख, आत्ताच लावून ठेवतो, काय होतंय की!" असं म्हणून कडेचं बारीक बटण टाचणीने दाबलं. सकाळी घड्याळाच्या तारखेच्या खिडकीत अर्धी २९ आणि अर्धी ३०. घड्याळ दुरुस्तीला मुंबईला गेलं ते पावसाळा संपल्यावर परत आलं.

पहिली चूक हीच, वेळ न बघता बटण दाबायची. साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या काळात आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत एकमेकांत अडकलेली असतात. तेव्हा बाहेरून जोर लावला की दाता वाकतो किंवा तुटतो. आधी काटे फिरवून सकाळी ६ च्या आसपास आणा, मगच तारखेला हात लावा. आणि टाचणी नको. घड्याळासोबत आलेलीच काडी वापरा, टाचणी सोन्याच्या कडेवर ओरखडा पाडते.

मुळात वर्षातून एकदाच हात लावावा लागतो. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ मध्ये ही रचना मनगटी घड्याळात आणली आणि २००६ मध्ये तिला क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच, जोडला. ३० आणि ३१ दिवसांचे महिने घड्याळाला कळतात, फेब्रुवारी कळत नाही. त्यामुळे १ मार्चच्या सकाळी त्यात २९ दिसते, लीप वर्षात म्हणजे २०२८ मध्ये ३० दिसेल. बटण दाबत तारीख १ वर आणायची, आणि महिना मार्च झालाय का तेही बघायचं. वार, तारीख, महिना कोणत्या क्रमाने लावायचे ते पुस्तिकेत असतं. ते पुस्तक तिजोरीत पावतीखाली गाडून ठेवू नका.

घड्याळ बंद पडून पुन्हा लावलं की तारीख भरदुपारी बदलते, मग मालकाला वाटतं बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, दिवस-रात्रीचा घोळ असतो. तारीख बदलेपर्यंत काटे पुढे फिरवा. ती बदलली तीच मध्यरात्र, तिथून वेळ लावा.

आता क्रोनोग्राफ. चालू असताना थेट रिसेट दाबायचं नाही, आधी थांबवा. पाटेकच्या ५९६० या मॉडेलसारखं फ्लायबॅक, म्हणजे न थांबवता शून्यावर आणता येणारं, असेल तर चालतं, कारण ते त्यासाठीच बनवलंय. पाण्यात मात्र कोणतंच बटण दाबू नका. तळाशी ३० मीटर लिहिलंय म्हणून राकसकोप धरणाच्या पाण्यात उडी मारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या, की त्या आकड्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल, एवढाच. आपल्या जून-जुलैच्या झडीत तर चामड्याचा पट्टाही आठवड्यात वास मारू लागतो. पावसाळ्यात रबरी पट्टा घाला, किंवा सरळ घड्याळ घरी ठेवा.

बेळगावकरांची खास चूक वेगळीच. उद्यमबागेत मशीन शॉप असलेले कितीतरी जण हातात घड्याळ घालूनच ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर, म्हणजे काम चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावर, जॉब लावतात. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी चुंबकाने एकमेकांना चिकटली की घड्याळ एकदम दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे धावतं. ओळख सोपी आहे, होकायंत्र जवळ न्या, सुई हलली की समजा. चुंबक उतरवणं दुरुस्तीवाल्याचं मिनिटभराचं काम, त्यासाठी घड्याळ उघडायला लावू नका.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत झांजा वाजवणाऱ्यांना काय सांगायचं? घड्याळ खिशात घाला बा, मनगटावर नको.

मावसभाऊ हल्ली १ मार्चला नाश्ता झाल्यावर मला फोन करतो, "आठ वाजलेत. दाबू काय?"