पाडलेला तट दाखवायचा कसा? फोर्टात हेरिटेज वॉक नेणाऱ्यांसाठी

मुंबईच्या फोर्टातला वॉक संपल्यावर लोकांना एकच प्रश्न विचारून पाहा: "किल्ला कुठे होता?" काही जण गेटवेकडे बोट दाखवतील, काही चर्चगेट स्टेशनकडे, आणि बाकीचे गोदीच्या उंच भिंतीकडे. तिन्ही उत्तरं चुकीची. दोन-अडीच तास पायपीट करून माणसं इमारतींची नावं पाठ करून घरी जातात. ज्या तटबंदीमुळे या भागाला फोर्ट म्हणतात, ती मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे एकदाही उभी राहिलेली नसते.

यात दोष लोकांचा नाही. तटबंदीचं शहर कसं फिरवावं याबद्दलचे बहुतेक सल्ले भिंत उभी असलेल्या गावांसाठी असतात. जयपुरात, छत्रपती संभाजीनगरात दरवाजे जागेवर आहेत. दरवाजातून आत शिरलं की अर्धं काम झालं. मुंबईत १८६२ पासून तट पाडायला सुरुवात झाली आणि तिन्ही दरवाजे गेले. इथे वॉक नेणाऱ्याचं खरं काम नसलेली भिंत दाखवणं हे आहे. बाकीचं सगळं त्यामानाने सोपं, म्हणून ते भराभर उरकतो.

तयारी

रविवारी सकाळी साडेसातला निघा. त्या वेळी फोर्ट रिकामा असतो आणि ओरडावं लागत नाही. पंधराच्या वर माणसं घेऊ नका. सोळावा माणूस कायम रस्ता ओलांडताना सिग्नलच्या पलीकडे अडकतो. हातातला भोंगा नको. जुन्या फोटोंची चळतही नको. पाडण्याआधीच्या फोर्टाचा एकच नकाशा ए-थ्री कागदावर छापून घ्या आणि त्यावर आजचे चार रस्ते लाल शाईने काढा: के. दुभाष मार्ग, महात्मा गांधी रोड, डी. एन. रोड आणि शहीद भगतसिंग रोड. परतीच्या लोकलसाठी मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा.

नकाशावर एक गोष्ट आधी स्वतःच्या डोक्यात पक्की करा. दक्षिणेच्या अपोलो गेटपासून उत्तरेच्या बझार गेटपर्यंत हे शहर साधारण मैलभर लांब होतं. पूर्वेच्या कस्टम हाउसपासून पश्चिमेच्या चर्च गेटपर्यंत जेमतेम पाव मैल रुंद. पूर्वेला बंदर. लांबट, चिंचोळी पट्टी. गोल किल्ल्याची कल्पना डोक्यात असेल तर पुढचं काहीच जुळणार नाही.

सुरुवात: काळा घोडा, गेटवे नाही

गेटवे ऑफ इंडियापासून सुरुवात करणाऱ्यांनी वॉकचा पहिला अर्धा तास वाया घालवलेला असतो. ती कमान १९२४ ची आहे, म्हणजे तट पडून साठ वर्षं उलटल्यानंतरची. ती उभी आहे ती जागाही तटाबाहेरची. तिथून निघालं की लोकांच्या डोक्यात "गेट म्हणजे किल्ल्याचं गेट" असं बसतं. पुढे कितीही समजावा, ते निघत नाही.

काळा घोडा चौकात जमा. आताचा घोडा स्वाराविना आहे आणि २०१७ साली आला. सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा राणीच्या बागेत आहे. एवढं सांगून पुढे व्हा. तिथून पूर्वेकडे जाणारा के. दुभाष मार्ग म्हणजे जुना रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. भिंत गेली तरी तिचं नाव रस्त्याला बरीच वर्षं चिकटून राहिलं, हा लोकांच्या हातात द्यायचा पहिला पुरावा. नाव सांगा आणि पुढे चाला, व्याख्यान नको.

रस्ता संपतो तिथे समोर गोदीचं लायन गेट येतं. अपोलो गेट याच परिसरात होतं. अपोलो हा ग्रीक देव इथे कुठून आला, असं कोणीतरी विचारतंच. आपल्या 'पालव'चा तो इंग्रजी अपभ्रंश मानतात. जुने मुंबईकर पालव बंदरच म्हणत.

इथे दोन इशारे. गोदीची उंच भिंत म्हणजे किल्ल्याचा तट नव्हे. लोक हात लावून "हीच का ती?" विचारतील, तेव्हा तिथल्या तिथे नाही म्हणा, नाहीतर तो समज शेवटपर्यंत टिकतो. दुसरं म्हणजे कॅमेरे खिशात ठेवायला लावा, हा नौदलाचा भाग आहे. मूळ बॉम्बे कॅसल आणखी उत्तरेला, टाउन हॉलच्या मागच्या बाजूला आयएनएस आंग्रे या नौदल तळाच्या आवारात आहे आणि तिथे सहज प्रवेश मिळत नाही. जाहिरातीत "किल्ला आतून पाहा" असं लिहिणारे लोकांना फसवतात.

मधला टप्पा

शहीद भगतसिंग रोडने उत्तरेकडे, हॉर्निमन सर्कलला. टाउन हॉल १८३३ चा, पायऱ्या तीस. लोकांना बसू द्या, पाणी पिऊ द्या. समोरची गोल बाग म्हणजे कोटाच्या पोटातलं जुनं मैदान, बॉम्बे ग्रीन. भोवतीच्या एकसारख्या इमारती तट पडल्यानंतरच्या. शेजारी सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. रविवारी प्रार्थना चालू असते, तेव्हा घोळका आत नेऊ नका. दारात उभं राहून दोन गोष्टी सांगा. शहराचे जुने मैलाचे दगड इथून अंतर मोजत. आणि चर्च गेटमधलं चर्च ते हेच. दुसरी गोष्ट जपून ठेवा, पाच मिनिटांत ती लागणार आहे.

खरी अडचण: हुतात्मा चौक

बहुतेक वॉक इथे फसतात, आणि ते फसण्याचे प्रकार ठरलेले आहेत. गाइड फ्लोरा फाउंटनसमोर उभा राहतो, १८६४ साल सांगतो, रोमन देवी फ्लोराची माहिती देतो, हुतात्मा स्मारकाला नमस्कार करतो आणि सहज म्हणतो, "इथे पूर्वी चर्च गेट होतं." लोक माना डोलावतात. त्यांना दिसतो तो कारंजा आणि टॅक्स्या. नुसतं सांगून भिंत उभी राहत नाही.

दुसरी चूक अतिउत्साही लोकांची. ते जमिनीवर रेघ दाखवतात: "बरोबर इथून भिंत जात होती." असं कधीही करू नका. तटबंदी म्हणजे रेघ नव्हे, तो पट्टा होता. १७१५ नंतर गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात मुख्य तट उभा राहिला, त्याला ठिकठिकाणी बुरूज होते, तटापुढे खंदक आणि खंदकापुढे आणखी बांधकाम. पाडल्यावर एवढी रुंद जागा मोकळी झाली की तिच्यात रस्ता बसला आणि कडेच्या इमारतींनाही जागा मिळाली. म्हणून "भिंत कुठे होती?" या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं की डी. एन. रोडची रुंदी बघा, भिंतीनेच मोकळी केलेली जागा आहे ती. रेघ दाखवली की कोणीतरी विचारणारच, "मग एवढ्याशा भिंतीसाठी एवढा गाजावाजा?"

आता करायचं काय ते.

कॅथेड्रलपासून वीर नरिमन रोडने पश्चिमेकडे चालत चौकात या, उलट दिशेने कधीच नको. माणसं कोटाच्या आतून दरवाजाकडे चालत आली पाहिजेत. निघताना फक्त एवढंच सांगा: "दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांची रुंदी बघत चला." बोलू नका, त्यांना बघू द्या. चौकात पोहोचण्याआधी सावलीत थांबा आणि एकदा मागे वळून बघायला लावा. हे सावलीतच करायचं, कारण सकाळी पूर्वेकडे बघताना ऊन थेट डोळ्यांत येतं आणि उघड्यावर सगळे डोळे मिटून घेतात.

मग चौकातल्या फरसबंद मोकळ्या जागेवर सगळ्यांना उत्तरेकडे, म्हणजे डी. एन. रोडकडे तोंड करून उभं करा. दोन्ही हात बाजूला पसरायला सांगा. लाज वाटते, हसू येतं, तरी करायला लावा. उजवा हात म्हणजे कोटाच्या आत, डावा हात म्हणजे कोटाबाहेर, नाकासमोर तटाचा पट्टा. बस. नकाशा यानंतर काढायचा, आधी नाही. आधी काढला की सगळे कागदात डोकं घालतात आणि हाताची दिशा विसरतात.

आता पुरावे, आणि तेही याच क्रमाने. उजवीकडे अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटून इमारती: कोंडून वाढलेलं गाव. डावीकडे गोष्ट एकदम मोकळी. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ चे, सेक्रेटरिएट १८७४ चं. हे सगळं तट पडल्यानंतर खुल्या जागेवर उभं राहिलं. त्या पलीकडे मैदानं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज ही चार मैदानं ओळीने का आहेत, हे लोकांना विचारा आणि उत्तरासाठी थांबा. तटासमोर शत्रूला आडोसा मिळू नये, तोफांचा मारा अडू नये, म्हणून ही जमीन मोकळी ठेवली होती. तट गेला, पण त्याच्यासाठी राखलेली मोकळीक राहिली. मुंबईची पोरं आज जिथे क्रिकेट खेळतात ती जागा तटाने राखून ठेवली. इथवर आलं की लोकांना भिंत दिसायला लागते. चेहऱ्यावर कळतं.

मराठी श्रोते असतील तर खंदकाची गोष्ट इथेच सांगा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्या धास्तीने खंदक खणायला घेतला आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढली. पण मराठ्यांनी मुंबईच्या कोटाला वेढा घातला वगैरे ठोकून देऊ नका. तसं काही घडलं नाही. नुसत्या भीतीने खंदक खणला, ही खरी गोष्ट पुरेशी जोरकस आहे.

चर्चगेट स्टेशनचा घोळ इथेच मोडून टाका. दरवाजा या चौकात होता. स्टेशन १८७० चं, इथून सहा-सातशे मीटर पश्चिमेला. तेव्हा दरवाजा पडलेला होता, फक्त त्याचं नाव शिल्लक होतं. वेळ असेल तर पाच मिनिटं पश्चिमेला चालत क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरच्या भिखा बेहराम विहिरीपर्यंत जा. १७२५ ची ही विहीर तटाबाहेर, समुद्राच्या इतक्या जवळ, तरी पाणी गोडं. आत फक्त पारशांना प्रवेश आहे, कठड्याबाहेरून बघा. या ठिकाणी विचारा, "आत की बाहेर?" सगळे डावा हात वर करतील. एकही उजवा हात वर गेला तर चौकात परत जा आणि पुन्हा उभं करा.

तट पाडला कशासाठी, हे दोन वाक्यांत पुरतं. त्याचा लष्करी उपयोग संपला होता आणि आत गर्दी, घाण नि आगीची भीती वाढली होती. १८०३ च्या मोठ्या आगीची आठवण होतीच. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा शहरात आला आणि १८६२ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरने हे काम हातात घेतलं.

बझार गेटकडे

डी. एन. रोडच्या कमानींखालून चाला. १८९६ च्या नियमाने रस्त्याकडेच्या इमारतींना ही सावली सक्तीची झाली. मग उजवीकडे, म्हणजे पुन्हा आत, पेरीन नरिमन स्ट्रीटकडे वळा. हा जुना बझार गेट स्ट्रीट. वाटेत गनबो स्ट्रीट लागला की गाइड हमखास तोफेची गोष्ट रचतात. सोडून द्या. जगन्नाथ शंकरशेट यांचे पूर्वज गनबाशेट यांच्यावरून ते नाव आलं असं मानतात. १७०९ ची बानाजी लिमजी अग्यारी याच भागात आहे. दार उघडं दिसलं तरी पारशी नसलेल्यांनी आत डोकावू नये, फोटोही नको.

रस्ता जनरल पोस्ट ऑफिसजवळ, १९१३ च्या घुमटापाशी बाहेर पडतो. बझार गेट याच टोकाला होतं. हात पुन्हा पसरायला लावायची गरज नाही, लोक स्वतःच पसरतात.

उरलेला तुकडा

तटबंदीचा दाखवता येण्याजोगा अवशेष सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे. हा १७६९ चा फोर्ट सेंट जॉर्ज, मूळ तटाला उत्तरेला जोडलेली भर. "हीच मुंबईची मूळ भिंत" असं म्हणून इतका वेळ केलेलं काम बिघडवू नका. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय याच आवारात आहे. रविवारी ते बंद असतं, म्हणून परवानगीचं पत्र आधीच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी देऊन ठेवा आणि त्याची प्रत जवळ बाळगा. ते जमलं नसेल तर पोस्टासमोरच वॉक संपवा.

परवानगी असेल तर पाच-पाच जणांच्या गटाने आत जा. ते चालू हॉस्पिटल आहे. अँब्युलन्सच्या वाटेत कोणी उभं राहायचं नाही, पेशंटांचे फोटो नाहीत, मोठ्याने बोलणं नाही. जे सांगायचं ते फाटकाबाहेरच सांगून घ्या आणि आत फक्त दगड दाखवा. परतीला सीएसएमटीला वळसा घालू नका, पी. डिमेलो रोडवरून अठरा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने स्टेशनात शिरता येतं.